मनी बाजू : रस्त्याचे नियम, राज्याच्या सीमा आणि आपण



रस्ता सुरक्षा महिन्याच्या निमित्तानं मला बोलावलंत, त्याबद्दल आभार. खरं तर या व्यासपीठावर आरटीओचा किंवा पोलीस खात्याचा माणूस हवा. माझा विषय तत्त्वज्ञान. ज्या माणसानं सगळा जन्म ‘आपण नियम का पाळायचे’ एवढ्या एका प्रश्नाभोवती घालवला, तो तुम्हाला क्लच आणि ब्रेक काय शिकवणार? पण संयोजक म्हणाले, “सर, तेच बोला. नियम का पाळायचे, तेच.” म्हणून आलो.

सुरुवात एका प्रश्नानं करतो. मागे कॉलेजातल्या एका मुलानं मला तो विचारला होता. तो नंदुरबारहून मोटारसायकलवर निझरला जायचा, रोज. निझर गुजरातमध्ये, हे तुम्हाला सांगायला नको. तो म्हणाला, “सर, एकच गाडी, एकच रस्ता, एकच मी. पण इकडे दंड वेगळा, तिकडे वेगळा. मग यातलं खरं काय? कायदा खरा असता तर तो दहा किलोमीटरवर बदलला असता का?”

प्रश्न साधा नाही. त्या मुलाचं म्हणणं असं, की जे जागेप्रमाणे बदलतं ते मनमानी असतं, आणि मनमानी असेल तर पोलीस दिसेपर्यंत ते पाळायची गरज नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात हेच असतं, फक्त आपण बोलून दाखवत नाही. आज या म्हणण्याची तपासणी करू.

एकाच कायद्याची दोन रूपं

आपला जिल्हा सीमेवरचा. एका अंगाला गुजरात, वर सातपुडा, नर्मदा आणि मध्य प्रदेश. नवापूरच्या रेल्वे स्टेशनावरचं ते बाक तुम्ही पाहिलं असेल. मधोमध रेघ, अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. नवरा एका राज्यात बसतो, बायको दुसऱ्या राज्यात, आणि डबा मध्ये उघडतात. पण लक्षात घ्या, १ मे १९६० च्या आधी ही रेघ नव्हती. सगळं मुंबई राज्य होतं. मोटार वाहन कराचा १९५८ चा कायदा मुंबई राज्याचा. तोच पुढे महाराष्ट्रानं ठेवला आणि तोच गुजरातनं ठेवला. दारूबंदीचा १९४९ चा कायदाही असाच दोघांकडे आला. म्हणजे एका घरातली भांडी दोन भावांनी वाटून घेतली, आणि पुढे प्रत्येकानं आपापल्या चुलीवर वेगळा स्वयंपाक केला. म्हणून नवापूरला ज्याची परवान्याची दुकानं आहेत, ती बाटली गाडीच्या डिकीत ठेवून तुम्ही उच्छलकडे गेलात, की गुन्हेगार.

हे असं का होतं? राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत कामांची वाटणी केलेली आहे. यंत्रावर चालणारी वाहनं समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. वाहनांवरचा कर मात्र राज्याकडे. त्यामुळे १९८८ चा मोटार वाहन कायदा देशभर एकच, पण त्याखालचे नियम, कर आणि जागेवर भरायची दंडाची रक्कम यांत राज्याचा हात असतो. त्या कायद्याचं २०० वं कलम सांगतं, की काही गुन्ह्यांत कोर्टात न जाता किती रक्कम भरून प्रकरण मिटवायचं, हे राज्य सरकारनं ठरवावं.

आता १ सप्टेंबर २०१९ आठवा. केंद्रानं दंड एकदम वाढवले. हेल्मेट नाही, १००० रुपये. सीटबेल्ट नाही, १००० रुपये. लायसन नाही, ५००० रुपये. देशभर ओरड झाली. गुजरातनं लगेच त्याच महिन्यात सूट जाहीर केली. हेल्मेटचे ५००, सीटबेल्टचे ५००, विनालायसन दुचाकीचे २०००. महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. आपल्या परिवहन मंत्र्यांनी केंद्राला फेरविचाराचं पत्र लिहिलं, आणि वाढीव दंड आपल्याकडे लागू झाले ते थेट डिसेंबर २०२१ मध्ये. मध्य प्रदेशानंही तेव्हा हात आखडता घेतला होता. म्हणजे सव्वादोन वर्षं आपल्या जिल्ह्याच्या भोवती एकाच संसदेच्या एकाच कायद्याचे वेगवेगळे भाव चालू होते. बाजारात कांद्याचे असतात तसे.

तर त्या मुलाचं निरीक्षण बरोबरच होतं. आकडा सीमेवर बदलतो. प्रश्न असा, की आकड्याबरोबर आणखी काय बदलतं?

डावी बाजू कुठून आली?

रस्त्याच्या नियमांचे मी तीन गठ्ठे करतो. पहिला गठ्ठा संकेताचा. सगळ्यात मोठं उदाहरण, डाव्या बाजूनं चालणं. डावीत पुण्य नाही, उजवीत पाप नाही. सगळ्यांनी एकच बाजू धरावी, बस्स. कोणती धरावी याला निसर्गात आधार नाही. अमेरिकी तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस यांनी १९६९ साली ‘संकेत’ याच विषयावर एक ग्रंथ लिहिला, त्यात अशाच नियमांचा विचार आहे. मी हा नियम पाळतो, कारण तुम्ही पाळता. तुम्ही पाळता, कारण मी पाळतो. एवढाच त्याचा आधार.

यात शेजारी फार महत्त्वाचा असतो. गोव्याचं बघा. गोव्यावर राज्य पोर्तुगालचं. पोर्तुगालनं १९२८ मध्ये डावी बाजू सोडून उजवी धरली. गोव्यात मात्र डावीच राहिली. का? तर चहूकडून ब्रिटिश हिंदुस्थान, तिथं सगळे डावीकडून. लिस्बनचं ऐकून उजवीकडून निघालेली गाडी हद्द ओलांडताच समोरच्या गाडीवर आदळली असती. मोझांबिक आणि मकाव इथंही असंच झालं. राजा दूर होता, शेजारी जवळ होता. नियम शेजाऱ्याचा चालला.

स्वीडनची गोष्ट उलटी. ते डावीकडून चालायचे, आणि शेजारचे नॉर्वे, फिनलंड उजवीकडून. १९५५ मध्ये लोकांना विचारलं, तर शंभरातल्या ऐंशीहून जास्त लोकांनी बदल नको म्हणून सांगितलं. तरी पुढे संसदेनं ठरवलं, आणि ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे ५ वाजता अख्खा देश डावीकडून उजवीकडे गेला. सामोआ नावाचा लहानसा बेटांचा देश ७ सप्टेंबर २००९ ला उजवीकडून डावीकडे आला. कारण काय? ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधून जुन्या गाड्या स्वस्त मिळतात, आणि तिथल्या गाड्या डावीकडून चालणाऱ्या. बघा, ज्याला आपण कायदा म्हणून नमस्कार करतो, तो जुन्या गाड्यांच्या भावासाठीही बदलतो.

मी वर्गात हे सगळं रंगवून सांगत असे. डावी-उजवी हा केवळ संकेत, त्याला स्वतःचं असं नैतिक मूल्य नाही. मुलं वहीत लिहून घेत.

आता जे सांगतो, ते वर्गात कधी सांगितलं नाही.

नोकरीतली माझी मधली वर्षं. स्कूटर होती. कॉलेजातून घरी येताना शेवटी दोनेकशे पावलं उलट्या बाजूनं घातली, की मोठा वळसा वाचायचा. मी रोज घालायचो. रस्ता रिकामा असायचा. आणि संकेतच तर आहे! एका संध्याकाळी समोरून एक माणूस सायकलवर आला. मागे चाऱ्याचा भारा. उन्हं माझ्या डोळ्यांवर. त्याला वाटलं मी सरकेन, मला वाटलं तो सरकेल. तो भाऱ्यासकट पडला, खांद्याचं हाड मोडलं. मी त्याला दवाखान्यात नेलं, खर्च केला, सगळं केलं. पण तो रस्त्यावर पडलेला असताना जे बोलला, ते अजून माझ्या कानात आहे. रागावला नाही, शिवी दिली नाही. नवल वाटल्यासारखा म्हणाला, “सर, मी ते मनी बाजूलेच व्हतू.”

मी तर माझ्याच बाजूला होतो, सर.

मंडळी, ‘मनी बाजू’. रस्त्याची ती पट्टी त्याची कशी झाली? त्यानं विकत घेतली नव्हती. सातबाऱ्यावर नाव नव्हतं. आपण सगळ्यांनी मिळून ती त्याला दिली होती. ‘तू डावीकडून ये, तिथं समोरून कोणी येणार नाही,’ असं आपण त्याला सांगून ठेवलं होतं. त्या भरवशावर तो मान खाली घालून, भाऱ्याचा तोल सांभाळत निघाला होता. डावी की उजवी हे मनमानी असेल, पण एकदा ठरल्यावर त्यावर टाकलेला भरवसा मनमानी नसतो. तो मोडणं म्हणजे दिलेला शब्द मोडणं. मी वर्गात निम्मं शिकवत होतो. उरलेलं निम्मं मला त्या माणसानं शिकवलं. त्याचा तो हात पुढे खांद्याच्या वर गेला नाही.

हेल्मेट आणि हाड

दुसरा गठ्ठा शरीराचा. हेल्मेट, सीटबेल्ट, दारू पिऊन गाडी न चालवणं. इथं नियमाचा आधार शेजारी नाही, आपली हाडं आहेत. पण राज्यं या नियमांशीही खेळतात. दिल्लीत १९९९ पासून बायकांना हेल्मेट ऐच्छिक होतं. ते सक्तीचं झालं २०१४ मध्ये, आणि तेव्हाही शीख स्त्रियांना सूट राहिली. पगडी बांधणाऱ्या शिखांना देशाच्या कायद्यातच सूट आहे, १२९ व्या कलमात. ती धर्माच्या आदरापोटी, ते समजू शकतो. पण बाकीच्या बायकांना सूट कशासाठी? दिल्लीतल्या बाईचं डोकं पुरुषापेक्षा टणक असतं का?

गुजरातनं डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर केलं, की शहरांच्या हद्दीत हेल्मेट सक्तीचं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीनं हरकत घेतली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि शेवटी सरकारला सांगावं लागलं की हेल्मेट सक्तीचंच आहे. आपल्याकडेही पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध कृती समिती निघाली, मोर्चे निघाले. मी पुणेकरांना नावं ठेवत नाही. त्यांचा एक मुद्दा विचार करण्यासारखा आहे. ‘माझं डोकं, फुटलं तर माझं फुटेल, सरकारला काय?’

उत्तर असं, की डोकं एकट्याचं नसतं. मोटारसायकलवरून पडलेला मुलगा रस्त्यावर एकटा पडतो, पण त्याच्याबरोबर घरातली चार माणसं पडतात. आई, बाप, बायको, नुकतंच शाळेत जायला लागलेलं पोर. पुढची वर्षानुवर्षं त्याला कोण अंघोळ घालणार आहे? तो स्वतः नाही. म्हणून या गठ्ठ्यातल्या नियमांना सीमा नाही. निझरच्या मुलाला मी हेच म्हणालो. दंड अर्धा होतो, पण डांबर मऊ होत नाही.

वाट कोणाला द्यायची?

आता जुन्या ग्रंथांकडे वळतो. रस्त्याचे नियम इंग्रजांनी आणले असं आपण समजतो. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वाट कोणाला द्यावी याची यादी आहे. गाडीत बसलेला, नव्वदी ओलांडलेला, आजारी, ओझं वाहणारा, स्त्री, विद्या पूर्ण केलेला स्नातक, राजा आणि नवरदेव. आठव्या अध्यायात गाडीच्या अपघातांचे नियम आहेत. वेसण तुटली, जू मोडलं, आस मोडला, तर गाडीवानाला दंड नाही. ‘बाजूला हो’ असं ओरडून सांगितलं असेल, तरी दंड नाही. गाडीवान अडाणी असेल, तर दंड मालकाला, आणि आत बसलेल्या प्रत्येकालाही १०० पण. म्हणजे अडाणी माणसाच्या हाती कासरा देऊन तुम्ही गाडीत बसलात, हीच तुमची चूक. आजचा कायदा यापासून फार दूर नाही. २०१९ मध्ये १९९-अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, आणि १२ महिने गाडीची नोंदणी रद्द. दहावी झाली म्हणून पोराला बुलेट घेऊन देणाऱ्यांनी हे घरी जाऊन एकमेकांना सांगावं.

आता मनुस्मृतीचं नाव घेतलं, तर पुढचंही बोललं पाहिजे. बाबासाहेबांनी ती २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळली, आणि का जाळली हे आपण जाणतो. त्या यादीत आजारी आहे, ओझेवाला आहे, ते चांगलंच. पण स्नातक आणि राजा कशासाठी? तिथं माणसाची गरज न बघता त्याचा दर्जा बघितला आहे. आणि ज्या समाजात वाट दर्जा बघून दिली जाते, तिथं ती दर्जा बघून नाकारलीही जाते. केरळात वैकमच्या मंदिराभोवतीचे रस्ते काही जातींना बंद होते. नुसतं चालता यावं म्हणून तिथं १९२४ मध्ये सत्याग्रह करावा लागला. चालण्यासाठी! मूर्तीला हात लावण्यासाठी नव्हे.

म्हणून मला सिग्नलचा लाल दिवा फार आवडतो. तो जात विचारत नाही, गाडीची किंमत विचारत नाही. साहेबांच्या गाड्यांवर फिरणारा लाल दिवा १ मे २०१७ पासून देशभर गेला, तोही मला त्याच रांगेतला वाटतो. वाट आता फक्त गरजेला द्यायची. ॲम्ब्युलन्सला, अग्निशमनाच्या बंबाला.

गरज ओळखणारा एक सुंदर नियम आपल्या घाटांत रोज लागतो. तोरणमाळला जाताना किंवा तळोद्याहून चांदसैली घाटानं धडगावला जाताना रस्ता अरुंद असला, तर वाट कोणाला? चढणाऱ्याला. उतरणाऱ्यानं थांबायचं. कारण भरलेली गाडी चढावर थांबली, की पुन्हा उचलणं अवघड. मागे घसरायची भीती. तो जुना ओझेवाला इथं पुन्हा भेटतो बघा. यादीतला राजा गेला, स्नातक गेला. ओझेवाला राहिला, आणि राहायलाच हवा.

तिसरा गठ्ठा

तिसऱ्या गठ्ठ्यावर थोडक्यात बोलतो. हे नियम सोयीचे आणि कारभाराचे. एमएच-३९ ची गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, की तिथला नंबर घ्यावा लागतो, तिथला कर भरावा लागतो. ज्यांची नोकरी बदलीची त्यांच्यासाठी २०२१ पासून बीएच मालिका आली. ट्रकच्या पाठीवरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ महाराष्ट्रानं २०१५ मध्ये बंद केलं. लोकांना उगाच हॉर्न वाजवायला ते उत्तेजन देतं, हे कारण. गोव्यात मोटारसायकलवर भाड्यानं माणसं नेणारे ‘पायलट’ कित्येक दशकं कायदेशीर आहेत, पुढचा मडगार्ड पिवळा असतो. हे नियम राज्याराज्यांत वेगळे असले तर बिघडत नाही. ते पटले नाहीत तर अर्ज करा, निवेदन द्या, बदलून घ्या. लोकशाहीत त्यासाठी जागा आहे.

गोंधळ होतो तो तिन्ही गठ्ठे एकत्र बांधल्यामुळे. नंबरप्लेटचा नियम राज्याप्रमाणे बदलतो, म्हणून हेल्मेटही बदलेल असं आपण धरून चालतो. दंडाची रक्कम घासाघीस करून ठरली, म्हणून डावी बाजूही घासाघिशीची वाटायला लागते. पुढच्या वेळी एखादा नियम मोडावासा वाटला, तर एवढंच विचारा: हा नियम कोणाच्या भरवशासाठी आहे?

शेवटचं सांगतो आणि थांबतो. सध्या उसाचा हंगाम चालू आहे. शहाद्याकडच्या रस्त्यांवर रात्री उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या चाललेल्या असतात. बैलगाडीला लायसन नाही, नंबरप्लेट नाही. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ती बसतच नाही, कारण तिला मोटार नाही. मागे दिवा नसतो. गाडीवान दिवसभराच्या तोडणीनं थकून वर डुलकी घेत असतो. बैलांना मात्र वाट पाठ असते, ते डाव्या कडेनं चालत राहतात. मागून भरधाव येणाऱ्याला ती काळी मोळी दिसते, तेव्हा उशीर झालेला असतो.

या सभागृहात शेतकरी आहेत, ट्रॉलीवाले आहेत, मोटारसायकलवाले पोरगेही आहेत. गाडीच्या मागच्या फळीला लाल चकाकणारी पट्टी लावायला फार पैसे लागत नाहीत. तुमच्या गाडीला लावा, आणि शेजाऱ्याच्या गाडीला नसेल तर त्याच्याही लावा. कोणत्या कलमाखाली, हे विचारू नका. आणि रात्री त्या रस्त्यानं जाताना वेग कमी करा. पुढे अंधारात कोणीतरी डुलक्या घेत चाललेला आहे, आणि तो त्याच्या बाजूला आहे.